दाराकडून की खिडकीकडून

"एक, दोन, तीन, चार, पाच." यांनी फळ्यावरच्या एकेका कार्बनवर खडू टेकवत मोजलं. "दुसऱ्यावर मिथाइलची फांदी, चौथ्यावर तिहेरी बंध. मग या अल्काइनचं नाव काय? दोन-मिथाइल-पेंट-चार-आइन. घ्या लिहून."

बाहेरच्या खोलीतल्या सहाही मुलांनी निमूट लिहून घेतलं. स्वयंपाकघरात माझ्या हातातली सुरी मात्र थांबली.

मला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण तीस वर्षं घरात शिकवण्या चालल्यात, भाजी चिरता चिरता एक वाक्य पाठ झालंय: "फांदी कुठे का असेना, तिहेरी बंध ज्या टोकाजवळ, तिथून मोजायचं." स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या फळ्यावर तिहेरी बंधाच्या तीन रेघा खिडकीकडच्या टोकाला होत्या. हे दाराकडून मोजत होते.

गेल्या महिन्यात यांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला, शर्टाची बटणं वरखाली लागली. ते मी वयावर ढकललं. हे कशावर ढकलू? पाण्याचा पेला घेऊन मी बाहेर गेले.

"अहो, रेघा खिडकीकडे आहेत ना?"

यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कोण, हेही क्षणभर त्यांना आठवत नाहीसं वाटलं. मग ते हसले.

"शाबास! सहा हुशार डोकी बसलीत, आणि चूक पकडली कुणी, तर स्वयंपाकघराने! मुद्दाम चुकलो होतो, लेकांनो."

"काकू, परीक्षेला तुम्हीच बसा आता," एक चष्मेवाली म्हणाली. सगळे खिदळले. फळ्यावरचं नाव चार-मिथाइल-पेंट-एक-आइन झालं.

मुलं गेल्यावर ते फळ्यासमोर बसून राहिले.

"मुद्दाम नव्हतो चुकलो."

"माहितेय मला."

"उद्या सांगतो त्यांना, दुसरे सर बघा म्हणून. माझ्यापायी पोरांचं वाटोळं नको."

"परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. आता कोण घेणार त्यांना?"

खरं तर माझी भीती वेगळीच होती. हा फळा काढून घेतला तर या माणसाजवळ उरणार काय?

"पुस्तक न उघडता शिकवतो म्हणून जन्मभर तोरा मिरवला," ते म्हणाले. "आता उघडतो. पण हे मोजणंच सारखं निसटतंय गं. तू बसशील मागे? ही तुकडी शेवटची."

"बसते. तेवढंच तर येतं मला."

दुसऱ्या दिवशी मी मटाराचं ताट घेऊन मागच्या खुर्चीत बसले. "काकूंनी प्रवेश घेतला!" म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. यांनी पुस्तकात बघून एक लांबलचक साखळी फळ्यावर उतरवली, खडू उचलला आणि थांबले. सहा पेनं वहीवर टेकून वाट पाहत होती. मुलांच्या डोक्यांवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कुणी आल्यासारखं मी दाराकडे बघितलं.

ते फळ्याकडे वळले, दाराकडच्या टोकाशी गेले आणि पहिल्या कार्बनवर खडू टेकवून ठणठणीत आवाजात म्हणाले, "एक."