सत्कारात घोटा मोडल्यास जबाबदार कोण?

स्वानंद सरांचा डावा घोटा आमच्या होमस्टेच्या ओट्यावरून पडून मोडला आणि त्याला सर्वस्वी आपण जबाबदार आहोत, असं माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहून खाली सही केली.

असं काहीही घडलेलं नाही. हे वाक्य कुठंही उच्चारायचं नाही असा आमच्या वकिलांचा सल्ला आहे, त्यामुळं तुम्हीही ते वाचलेलं नाही. तुम्ही आत्ताच आलात. बसा.

पळसदेवला उजनीच्या पाण्याच्या कडेला आमच्या दोन खोल्या आहेत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दत्तोबांनी, त्या वैरणीसाठी बांधल्या. पुढं लांबलचक ओटा, बरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या उंचीचा. ट्रॉली मागं घेतली की कडबा थेट आत. पुण्यातल्या कंपनीनं मला 'नव्या संधी शोधायला' मोकळं केलं, तेव्हा पहिली संधी मला या वैरणीत दिसली. पेंढ्या बाहेर काढल्या, पलंग आत नेले, ॲपवर फोटो टाकले. पुण्याचे लोक रोहित पक्षी बघायला येऊ लागले. पक्षी एका पायावर उभे राहतात, लोक दोन पायांवर, आणि दोन्हीकडचे अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. बिनत्रासाचा धंदा.

आबांनी परवानगी दिली होती ती अटीवर.

"ऋषिराज, वरसभर कर तुजा खेळ. पन कोर्ट-कचेरी झाली, येक जरी भानगड आली, तर खाटा भायेर आन् कडबा आत. हाय कबूल?"

मी कबूल केलं. पक्षी बघणारी माणसं काय भानगड करणार?

"आन् वट्याला कठडा न्हाय लावायचा."

"आबा, कुणी पडलं तर?"

"कठडा घातल्यावर ट्रॉली कुठं लावू? तुज्या डोस्क्यावर?"

होमस्टे बंद पडणार आणि कडबा परत येणार, यावर आबांची श्रद्धा अढळ होती. मी आपला एक बोर्ड रंगवून भिंतीला ठोकला: 'पाहुण्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वावरावे.' आणि निर्धास्त झालो.

स्वानंद सर पुण्यात एका बँकेत असतात. त्यांच्या मिसेस पूर्वी मॅडम मूळच्या बारामती तालुक्यातल्या, कऱ्हाटीच्या. दोघं जानेवारीत येऊन गेले आणि एप्रिलमध्ये परत आले. आमच्याकडं दुसऱ्यांदा आलेले हे पहिलेच लोक. मला आनंद झाला म्हणून मी चहात आलं जास्त घातलं. आबांना आनंद झाला, तिथं घात झाला.

"दुसऱ्यांदा आला म्हंजी गिऱ्हाईक ऱ्हायला न्हाय त्यो," आबा म्हणाले. "घरचा झाला. सत्कार कराय पायजे."

आमच्या भागात सत्कार टाळता येत नाही. माणूस निवडून आला की सत्कार, पडला की जिद्दीनं लढल्याबद्दल सत्कार. ट्रॅक्टर घेतला, पोरगी बारावी झाली, मुतखडा पडला, शाल तयारच. शाली घराघरांतून फिरत असतात. आम्ही एका पाहुण्याला दिलेली शाल दोन वर्षांनी तालुका फिरून आम्हालाच मिळाली, तेव्हा आबांनी तिला ओळखलं आणि जावयाला विचारावं तसं आस्थेनं विचारलं, "बरी हाईस ना?"

तर संध्याकाळी ओट्यावर सत्कार ठरला. पाणी उतरलं होतं, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, ऊन तिरपं पडलं होतं. फोटोसाठी गोकुळला बोलावलं. गावातले सगळे वाढदिवसाचे फ्लेक्स गोकुळच करतो. त्यामुळं गावातला प्रत्येक माणूस फोटोत हात जोडून डावीकडं बघतो.

स्वानंद सर आधी नको नको म्हणाले. मग आबांनी फेटा बांधला. फेटा भक्कम होता, सरांचं डोकं बारीक होतं, त्यामुळं तो भुवयांपर्यंत येऊन थांबला. एका हातात नारळ, एका हातात देवळाच्या फोटोची फ्रेम, खांद्यावर शाल, गळ्यात हार. सर दिसायचे थोडेच राहिले होते.

"सर, तुरा कापतोय," दाराच्या चौकटीला पाठ लावून गोकुळ म्हणाला. "वाईच मागं सरका."

सर सरकले.

"अजून मागं. देऊळ घेतो."

सर सरकले.

"बास! आता येकच पाऊल."

ते एक पाऊल उजनी धरणाच्या दिशेनं पडलं. सर खाली मुरमावर गेले. नारळ त्यांनी सोडला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. फोटो मात्र झकास आला. त्यात देऊळ आहे, पाणी आहे, सूर्य आहे आणि हवेत तरंगणारा एक तुरा आहे.

इंदापूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं, "कशानं झालं?"

"सत्कारानं," सर म्हणाले.

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं गोडीत होतं. चार दिवसांनी ॲपच्या ऑफिसातून चौकशीचा फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो, फोन आबांनी घेतला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, अपघात कसा झाला? आबा म्हणाले, "त्यांचा पाय, त्यांनीच टाकला." बाईंनी तेवढंच लिहून घेतलं आणि तेच वाक्य जोडून सरांना कळवलं की अपघात पाहुण्याच्या निष्काळजीपणामुळं झाला, प्रकरण बंद.

दुसऱ्या दिवशी पूर्वी मॅडमचा फोन. आवाज इतका शांत होता की मी उभा राहिलो.

"ऋषिराज, दवाखान्याचं आमच्या विम्यात बसलंय. मला तुमच्याकडून एक रुपया नको. पण हा माणूस प्लास्टर घालून माझ्या माहेरी बसलाय आणि तुम्ही म्हणता निष्काळजी तोच? चूक कुणाची होती ते मला लेखी पाहिजे. नाहीतर मी ग्राहक आयोगात जाईन."

आबा शेजारीच होते. आयोग हा शब्द ऐकून त्यांनी खोलीतल्या पलंगाकडं बघितलं. मग माप घेतल्यासारखं दाराकडं बघितलं.

मी त्यांना गाडीवर बसवून थेट बारामती गाठली. तिथं माझी आत्येबहीण उत्कर्षाताई वकिली करते. तिनं सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मामा, ओटा कुणाचा?"

"माजा."

"कठडा नको कोण म्हणालं?"

"मी. ट्रॉलीला आडवा येतोय."

"सत्कार कुणी केला?"

"मीच की."

"मागं सरका कोण म्हणालं?"

"गोकुळ!" आबा विजयी झाले.

"गोकुळला कुणी बोलावलं?"

आबा पंख्याकडं बघू लागले.

"मामा, कोर्टात गेलो तर तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुम्ही विरुद्ध पार्टीचे सगळ्यात चांगले साक्षीदार आहात."

"आगं पन त्यो गिऱ्हाईक नव्हता, पाव्हणा हुता. घरच्या मानसाला कसला आलाय कायदा?"

"पैसे घेऊन ठेवलं म्हणजे गिऱ्हाईक. आणि फुकट ठेवलं तरी आपल्या जागेत आलेल्या माणसाचा पाय कुठं पडंल याची काळजी आपणच घ्यायची. धोका आपल्याला दिसत होता, टाळता येत होता, टाळला नाही. कायदा यालाच निष्काळजीपणा म्हणतो."

"पण ताई, बोर्ड लावलाय," मी म्हणालो. "स्वतःच्या जबाबदारीवर."

"ऋषी, 'कुत्र्यापासून सावध' असं लिहिलं म्हणून कुत्र्याला चावायचं लायसन मिळतं का?"

"मग सरांची काहीच चूक नाही?"

"थोडी असंल. मागं न बघता सरकले. पण डोळ्यांवर फेटा कुणी ओढला, हा पुढचा प्रश्न येणार. आणि उत्तर परत मामांवरच येणार."

शेवटी तिनं एक पत्र तयार केलं: 'सदर दुर्दैवी घटनेबद्दल सहानुभूती व्यक्त करण्यात येत आहे. सदर सहानुभूती म्हणजे जबाबदारीचा स्वीकार समजण्यात येऊ नये.' सर प्लास्टर घेऊन सासुरवाडीला, कऱ्हाटीलाच होते. आजाऱ्याला भेटायला जायचं, मोसंबी द्यायची, पत्र द्यायचं, निघायचं. आबांनी फक्त उसावर बोलायचं. गाडी घसरायला लागली की ताई "मामा, ऊस" म्हणणार.

कऱ्हाटीत पूर्वी मॅडमच्या वडिलांनी, चिंतामणरावांनी, दारातच आबांचे हात धरले. पडवीत स्वानंद सर खाटेवर पाय लांब करून बसले होते. मला बघून त्यांनी हात केला. आबांना बघून पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

आबा ठरल्याप्रमाणं उसावर बोलले. लागण, खोडवा, तोडणी, उतारा. अर्धा तास पूर्ण कायदेशीर गेला. मी पत्र काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात चिंतामणराव उठले.

"दत्तोबा, पयल्यांदाच आमच्या उंबऱ्याला पाय लागलं तुमचं. असंच कसं जाऊ द्यायचं? पूर्वी, शाल आन गं."

आमची ताई वकील असली तरी इथं तिच्या हातात काही नव्हतं. पडवीच्या कडेला आबा उभे राहिले. फेटा झाला. शाल झाली. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात चिंतामणरावांनी गणपती दिला. फोटो काढायला पूर्वी मॅडमनी मोबाईल घेतला.

"आबा, तुरा कापतोय," त्या म्हणाल्या. "थोडं मागं सरका."

खाटेवर स्वानंद सरांनी डोळे मिटून घेतले.

आबा सत्काराला सरावलेला माणूस. अर्धं पाऊल मागं गेलेसुद्धा. मग टाचेखाली जमीन कमी वाटली म्हणून त्यांनी फेट्याखालून मान वळवून बघितलं. मागं चार पायऱ्या आणि खाली फरशीचं अंगण.

"आगं पोरी, मागं कठडा न्हाय!"

"असू दे की," पूर्वी मॅडम मोबाईलमधून डोळा न काढता म्हणाल्या. "तुमचा पाय, तुम्हीच टाका."

अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली.

"आगं, असं कसं?" आबा म्हणाले. "दोनी हात गुतल्यात. डोळ्यावर फेटा हाय. कठडा नसल्याल्या जाग्यावर मानसाला मागं सरक म्हनायचं, आन् वर म्हनायचं तुजा पाय..."

"मामा, ऊस," ताई म्हणाली.

"ऊस ऱ्हाऊ दे!" आबांनी गणपती माझ्याकडं दिला. मग नारळ दिला. मग खाली बसून स्वतःच फेटा सोडला. "ऋष्या, कागद आन."

कागद एकच होता, सहानुभूतीचा. आबांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही, कारण मी तिथं नव्हतो, तुम्हीही नव्हता, आणि ताई तर बारामतीतच होती, असं तीच म्हणते. एवढंच सांगतो की पूर्वी मॅडमनी ते दोनदा वाचलं, सरांना दिलं, आणि सरांनी वाचून पांघरूण खाली घेतलं.

"आबा, आता आयोग बियोग काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण कठडा पाहिजे."

"कठडा घातला तर ट्रॉली लागत न्हाय."

"तो तुमचा प्रश्न."

जबाबदार माणसानं काय करायचं असतं, एवढंच आबांनी ताईला निघताना विचारलं. ती म्हणाली, जे केलं नाही म्हणून माणूस पडला, ते करायचं. पळसदेवला पोचल्यावर त्यांनी वेल्डिंगवाल्याला फोन लावला. ओट्याला टोकापासून टोकापर्यंत लोखंडी कठडा बसला, छातीएवढा. आता ट्रॉली लागत नाही. ट्रॉली लागत नाही म्हणून कडबा येत नाही. कडबा येत नाही म्हणून पलंग आत आहेत. कोर्ट झालं नाही, त्यामुळं अटही मोडलेली नाही. मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नव्हती.

पण परवा स्वानंद सरांचं तिसऱ्यांदा बुकिंग आलं. प्लास्टर निघालंय, पक्षी बघायचेत. आबा म्हणाले, "तिसऱ्यांदा आला म्हंजी सोयराच झाला. साधा सत्कार बरा दिसंल का?" मंडपवाल्याकडून त्यांनी स्टेज सांगितलंय. स्टेज ओट्यावर बसणार आहे. मी जाऊन मोजलं: स्टेजची उंची कठड्याच्या वर जाते. गोकुळनं नवा कॅमेरा घेतलाय, त्याबद्दल त्याचाही सत्कार त्याच स्टेजवर आहे. म्हणून मी आज खालील अर्ज टपालात टाकला.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, इंदापूर

विषय: सत्कारमूर्तींच्या जीवितास संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, तालुक्यातील सर्व सत्कार यापुढे जमिनीलगत, सत्कारमूर्तीस बसवून व पाठ भिंतीस टेकवून करण्याचे आदेश व्हावेत. तसेच कोणत्याही छायाचित्रकाराने 'मागं सरका' हे शब्द उच्चारण्यापूर्वी तलाठ्यामार्फत स्थळपाहणी व पंचनामा करून आपल्या कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
ऋषिराज दत्तोबा, मु. पो. पळसदेव