न झिजलेले खिळे

नवऱ्याचा सदरा भिजवण्याआधी ताईबाईने खिसा चाचपला, आणि तसलाच चिठोरा चौथ्यांदा हाती लागला. छापखान्याच्या शाईने माखलेला, चार ओळींचा. एकही शब्द मराठी नाही, आणि शेवटी पुन्हा तोच: ञालूङ.

ती चौथीपर्यंत शिकलेली. ञ आणि ङ ही दोन अक्षरं तिने शाळेतल्या तक्त्यावर तेवढी पाहिली होती. त्यांच्यापुढे कसलं चित्रही नसायचं. असल्या अक्षरांत माणूस जे लिहितो ते लपवायचंच असणार.

"बाईच शे," शेजारच्या सुंदरबाईने निकाल देऊन टाकला. "धुयानी."

धुळ्याचं नाव निघताच ताईबाईने सदरा बादलीत आपटला. सगळं बिनसलं ते तिथूनच. चार महिन्यांमागे धुळ्याच्या स्टँडवर मागे येणाऱ्या एसटीचा मोतीलालला धक्का बसला, कोपर फुटलं. ताईबाई दहा पावलांवर उभी होती. "आयकं का, आयकं का!" म्हणून जीव तोडून ओरडलीही होती. स्टँडवरचे पाच-सहा नवरे वळले. हिचा तेवढा वळला नाही. आता नवऱ्याला नावाने का कुणी हाक मारतं? सतरा वर्षांत उखाण्याबाहेर ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

तेव्हापासून मोतीलाल गप्प गप्प. बुधवारी छापखाना बंद, तरी किल्ली घेऊन जायचा. धुळ्याच्या दवाखान्यात पट्टी बांधणारी एक हसरी नर्स होती. ताईबाईने ञालूङ हे नाव तिला लावून पाहिलं. फिट्ट बसलं.

बुधवारी दुपारी ती डबा घेऊन मेहरूणच्या घरून छापखान्याकडे चालत निघाली. डबा निमित्तापुरता. भाजीत मीठ घालायचंही तिला सुचलं नव्हतं.

दाराच्या फटीतून तिने पाहिलं. मोतीलाल छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या खणांपुढे एकटाच उभा होता. डोळे मिटलेले, एक हात गळ्यावर. आणि लाडाने म्हणत होता, "ञालूङ… ञालूङ."

तिने दार ढकललं.

"कोन शे ती?"

मोतीलालच्या हातातले खिळे खाली सांडले.

"कोनी बाई नही. भाषा शे. मी बनाडेल."

"माले येडी समजतस का तुम्ही?"

त्याने तिला खण दाखवले. वीस वर्षं तो खिळे जुळवत होता. र, त, न पार झिजलेले. ङ आणि ञ कोरे करकरीत. त्यांनाही काही काम द्यावं म्हणून त्याने सातपुड्यापलीकडे एक राज्य रचलं होतं आणि राज्याला बोली दिली होती. तिथे बाईचं नि पुरुषाचं बोलणं एकसारखं. 'थांब' आधी म्हणायचं, कोणी थांबायचं ते मागून. हाक मारणाऱ्याचा वेळ जायला नको. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

ताईबाईचा विश्वास बसेना. तिने पदरातला चिठोरा काढून शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "आनं हाई?"

"मना नाव."

तिने चिठोरा पुन्हा वाचला.

"बठ्ठा आवाज करी दखात," तो खिळे वेचत म्हणाला. एकेक आवाज त्याने गळ्यावर हात ठेवून पारखला होता. "एसटीना हारनमा बी आयकू येवाले पाहिजे. हाई नाव मना बापनी ठेयेल नही. तुले लेता येई. कोन काय म्हनी?"

त्याच्या कोपरावरचा व्रण अजून गुलाबी होता. चार महिने आपण कुणाकुणाला शिव्या घातल्या ते आठवून ताईबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जेवा आते," ती फटकन म्हणाली. "भाजीमा मीठ नही."

त्याने भाजी निमूट संपवली.

परतताना तो सायकल हाती धरून पुढे चालत होता. रस्ता मोकळा होता. त्याला थांबवावं असं कारणही काही नव्हतं. ताईबाईने पदराआड हात गळ्यावर ठेवला.

"ञालूङ."

मोतीलाल थांबला. वळला मात्र नाही. अजून एकदा ऐकायचं असावं त्याला.