धुण्याच्या खोलीतली छपाई

मी कपडे पिळायचं एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. सुताराने घडवलेले दोन लाकडी रूळ आणि एक दांडा, एवढाच माझा देह. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात हेडविग नावाची विधवा मला घेऊन लोकांचं धुणं धुऊन पोट भरायची.

तिची मुलगी आल्मूट चित्रकार आणि कवयित्री झाली. तिचं लिहिणं सरकारला झोंबलं, तशी तिची पुस्तकं छापणं बंद झालं. मग ती तळघरातल्या धुण्याच्या खोलीत माझ्याकडे आली. लाकडी फळीवर चित्र आणि अक्षरं उलटी कोरायची, शाई लावून वर कागद ठेवायची आणि माझा दांडा फिरवायची. ती पानं हातोहात शहरभर जायची.

"गिऱ्हाइकाच्या चादरीला शाई लागली तर कविता खायच्या का?" हेडविग कुरकुरायची.

"मीठ घालून खाऊ," आल्मूट हसायची.

सुरक्षा खात्याच्या माणसांनी दोनदा घर धुंडाळलं. मला बघून "म्हातारीचं धुणं" म्हणत ते निघून गेले.

तिसऱ्या खेपेला एकच अधिकारी आला. आल्मूट घरी नव्हती. तो मऊ आवाजात म्हणाला, "बाई, पोरगी वाईट संगतीला लागलीय. छापणारे कोण ते सांगा. तिला समज देऊन सोडू."

"संगत कुणाची नाही हो," हेडविग ओला हात माझ्यावर ठेवून म्हणाली. "ती एकटीच करते. इथेच."

तिला वाटलं, आपण मुलीची बाजू मांडली.

आल्मूटला अडीच वर्षं तुरुंगवास झाला. तिथून तिला थेट पश्चिम जर्मनीत धाडलं. परत यायला बंदी. हेडविग माझ्याजवळ बसून, आपणच सांगितलं हे कबूल करणारी पत्रं लिहायला घ्यायची, रडायची आणि कागद फाडायची. टपालात जायचं ते फक्त हवापाण्याच्या गप्पांचं पत्र. ती वारली, तेव्हाही मुलीला येऊ दिलं नाही.

दोन्ही जर्मनींमधली भिंत पडल्यावर आल्मूट तळघरात आली, आपल्यावरची सरकारी फाइल वाचून. माहिती कुणी दिली ते तिथे लिहिलेलं होतं. ती माझ्याजवळ जमिनीवरच बसून रडली.

"सगळ्या मित्रांवर संशय घेतला मी," ती म्हणाली. "आई, सांगायचं होतंस गं. रागावले असते एखादा महिना. एवढंच."

आता मी एका संग्रहालयात आहे. इथे मला तेल घालतात, धूळ पुसतात. मित्रांनो, माझं मागणं वेगळं आहे. आपल्या माणसाचं तुमच्या हातून काही वाईट झालं असेल, तर ते त्याला वेळेत सांगा. त्या दोघी माझ्याजवळच बसून रडल्या, पण मध्ये कितीतरी वर्षं गेली होती.