मागच्या खोलीचा पडदा

आतून पडदा ओढला गेला, आणि इतके दिवस मनात घोळत होतं ते तपासनीसांना एकदाचं डोळ्यांनी दिसलं. म्हणजे दिसायचं बंद झालं. पण त्यांच्या लेखी दोन्ही एकच. ज्याच्या मनात काही नाही तो पडदा कशाला ओढेल?

सभागृहाच्या मागच्या बोळात, पालथ्या खोक्यावर ते उभे होते. एका हाताने पाण्याचा पाइप धरलेला, दुसऱ्या हातात चष्मा. चष्मा मुद्दाम काढलेला, कारण काच चमकते आणि आतला माणूस सावध होतो. चष्म्याशिवाय आतलं सगळं धुरकट दिसे. मुलं म्हणजे रंगीत ठिपके आणि बाहुलीवाला मास्तर म्हणजे त्या ठिपक्यांवर वाकणारी एक लांबडी सावली. खाली पडलेला रुमाल उचलायला वाकली तरी सावली चांगली दिसत नाही.

ते खाली उतरले. लोकरीची कानटोपी कोटाच्या खिशात कोंबली, चष्मा लावला, केस चापून बसवले आणि वळसा घालून पुढच्या दाराने, नुकतेच घरून आल्यासारखे, आत शिरले.

उभा जन्म त्यांनी दुकानांतली वजनं-मापं तपासण्यात घालवला होता. दुकानदार जितका गोड, तितका त्याचा काटा हलका, हा त्यांचा अनुभव. निवृत्तीनंतर काटे सुटले, नजर सुटली नाही. "अहो, भाजी घेताय की धाड घालताय?" असं बायको चारचौघांत विचारायची. टोपीही तिनेच विणलेली, वर गोंडा लावून. गोंडा त्यांना पसंत नव्हता. पण त्याबद्दल तक्रार करायची म्हणजे दुसरी टोपी ओढवून घ्यायची.

सभागृह भाड्याने दिलं जाई. सकाळी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम, दुपारी शिवणवर्ग, आणि शनिवारी मागच्या खोलीत मुलांचा बाहुल्यांचा वर्ग. जिथे मुलं आणि आधाराची गरज असलेली माणसं येतात, तिथे त्यांची काळजी वाहणारा एक जबाबदार माणूस हवा, असा नियम आला तेव्हा सभागृह चालवणाऱ्या समितीच्या बैठकीत सगळे एकदम पंख्याकडे बघू लागले. तपासनीस मात्र, या कामासाठी कोण जरा जास्तच उतावीळ होतोय, हे हेरायला माणसांकडे बघत होते. ज्याची मान वर नव्हती त्याच्या गळ्यात माळ पडली.

मग दारावर पोस्टर लागलं. 'काही खटकलं तर मला सांगा', आणि खाली तपासनीसांचा फोटो.

"काका, हा फोटो पाहून लोक सांगायला येणार नाहीत, तुम्हालाच पकडून देतील," किल्लीबाई म्हणाली. सभागृहाच्या साऱ्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. पोस्टरवर दुसरा फोटो तिचा होता. पहिल्या माणसाबद्दलच तक्रार असली तर जायचं कुणाकडे, म्हणून दुसरं कुणीतरी लागतं. ती त्या वेळी बैठकीत चहाचे कप गोळा करत होती, एवढ्यावर तिची नेमणूक झाली.

दोघांना एक दिवसाचं प्रशिक्षणही मिळालं. मूल सांगेल ते ऐकून घ्या, मध्ये शब्द घालू नका. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. आणि स्वतः तपास करू नका, पुढे कळवा. शेवटचं वाक्य ऐकून तपासनीसांना, आचाऱ्याला चुलीपासून लांब राहा म्हटल्यासारखं वाटलं. ते बाकीच्यांसाठी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि तपास फुकट जात नव्हता. पन्नाशीचा गडी बाहुल्या खेळतो, हीच मुळात बोंब. आधी त्याने मुलांना खिडकीपासून दूर, पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. मग एकेका मुलाला स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत स्वतः सोडायला लागला आणि बाहेर उभा राहून चोरासारखा इकडेतिकडे बघायला लागला. शिवाय मध्येच तपासनीसांना गाठायचा.

"काका, जरा बोलायचं होतं. मुलांसमोर नको, एकट्यात."

"समितीला लिहून द्या."

"लिहिण्यासारखं नाही हो, बोलण्यासारखं आहे. चहा घेऊ या का?"

चहा! तपासनीसांनी असे चहा उभ्या जन्मात घेतले नव्हते. त्यांनी त्याला हात हलवत परत पाठवला. एकदा नव्हे, दर वेळी.

आज संध्याकाळी समितीची बैठक होती. मास्तरची खोली काढून घ्यायची, वर्ग बंद करायचा. भाषण तयार होतं.

"आज निकाल लावतो त्याचा," कोट न काढताच टेबलामागे बसत ते म्हणाले.

किल्लीबाई फरशी पुसत होती. "काय केलं मास्तरांनी?"

"पडदा ओढला."

"ऊन येत असेल."

"मागच्या बोळात ऊन? तिथे शेवाळ धरलंय बाई, घोट्याएवढं."

"तुम्हाला काय माहीत?"

तपासनीसांना खोकला आला. "जबाबदार माणसाला माहीत असावं लागतं."

"बरं," असं म्हणून ती बादली घेऊन बाहेर गेली. तिच्या त्या 'बरं'चं वजन किती, हे तपासनीसांना नीट कळलं नाही.

थोड्या वेळाने दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. समोरचे दोन दात पडलेले, उजव्या हातात मोज्याचा बेडूक. तिने पोस्टरकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पोस्टरकडे.

"तुम्ही तेच ना?"

"तोच."

"याला काहीतरी सांगायचंय." तिने बेडूक पुढे केला.

आला, काटा हातात आला. तरी तपासनीसांनी शिकवल्याप्रमाणे उठून दार सताड उघडलं, खुर्ची मागे घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "बोला, बेडूकराव."

बेडकाने तोंड उघडलं. "खिडकीत एक माणूस येतो."

'कोणत्या?' हा प्रश्न तपासनीसांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला. गिळल्यावर तो खाली जाईना.

"टोपीवाला आहे. नुसती टोपी आणि डोळे दिसतात. असे डोळे करतो." बेडकाचं तोंड तिने चिमटीत आवळलं. "छोट्याला चड्डीत शू झाली. मास्तर पळत बाहेर गेले, तर कुणीच नव्हतं. मग आम्ही कोपऱ्यात बसायला लागलो. आता कुणीच एकटं शू करायला जात नाही. आज मास्तरांनी पडदा लावला." मग बेडूक खाली आला आणि ती स्वतःच बोलली. "पण पडदा लावला की तो मागे आहे का नाही तेच कळत नाही."

बाहेर बादली सरकल्याचा आवाज आला.

"मास्तर मोठ्या माणसांना सांगायला गेले होते. मोठी माणसं म्हणाली, लिहून द्या. मला लिहिता येतं. पण जोडाक्षरं चुकतात, म्हणून मी सांगायला आले."

तपासनीसांचा हात कोटाच्या खिशाशी गेला. गोंडा बाहेर डोकावत होता. त्यांनी तो बोटाने आत ढकलला.

"तू सांगितलंस ते फार बरं केलंस," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना पाठ होतं. आज ते त्यांनी टेबलाकडे बघत म्हटलं.

"पण तुम्ही कुणाला सांगू नका हं," मुलगी म्हणाली. "त्याला कळलं तर तो चिडेल."

उभ्या जन्मात त्यांनी कुठल्या दुकानदाराला इतकी सोपी सुटका दिली नव्हती. बोळात परत जायचं नाही, बस्स. टोपीवाला आपोआप नाहीसा होईल. ना मास्तरला कळेल, ना समितीला, ना घरी. पोर तर स्वतःच्या तोंडाने म्हणतेय, सांगू नका. त्यांनी बेडकाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"नाही बाळ, सांगावं लागेल," ते म्हणाले. "आणि तो चिडणार नाही."

"कशावरून?"

"नाही चिडणार."

तिने थोडा विचार केला. "तुम्ही ओळखता त्याला?"

"हो."

"मग त्याला म्हणावं, बघायचं असेल तर दारातून ये. आमचा खेळ फुकट असतो."

ती गेली. बोळातून, खोक्यावरून, त्यांनी इतक्या शनिवारी या मुलांकडे पाहिलं होतं. यातला कुठला ठिपका ही होती, ते त्यांना आठवेना.

"बाई," त्यांनी हाक मारली. "जरा आत या. तक्रार आली आहे."

किल्लीबाई हात पुसत आली. "मास्तरांबद्दल?"

"नाही. पहिल्या माणसाबद्दल."

त्यांनी खिशातून टोपी काढून टेबलावर ठेवली. किल्लीबाईने टोपीकडे पाहिलं, गोंड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या कमरेच्या किल्ल्या कधी नव्हे त्या गप्प होत्या.

"तरीच शेवाळ," ती म्हणाली.

मग फडकं खांद्यावर टाकून तिने समोरची खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्चीवर बसली.

"सांगा काका. मी ऐकते. पण कुणाला सांगणार नाही, असं काही म्हणणार नाही हं."

"नका म्हणू," तपासनीस म्हणाले.

ते उठले, दार नीट उघडं आहे ना ते पाहून आले, आणि बसले.