वळणावरची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे. ती नाचली तरच माझा आवाज निघतो. हे आधीच सांगते, कारण या एवढ्याशा गोळीवर एकदा एका माणसाचा जीव टांगला गेला होता.

कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला विकत घेतले. छत्तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. मी वाजले की पळणारी मुले जागच्या जागी थांबत. बाई रोज मला कोमट पाण्याने धूत, तळहातावर आपटून झटकत आणि खिडकीत वाळवत.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा वाटले, संपले आपले काम. पण दर रविवारी त्या मला घेऊन डोंगरांत निघू लागल्या. बसने जेमतेम तासाभरावरचे डोंगर, पण तोवर आम्ही ते फक्त खिडकीतून पाहिलेले. सोबत त्यांचे यजमान असत. त्यांना सगळे काका म्हणत. ते शिंपी. जन्म मशीनवर बसण्यात गेलेला, त्यामुळे चाल मुंगीची. प्रत्येक फाट्यावर बाई एक लांब शिट्टी वाजवत आणि मागून ओ येईपर्यंत थांबत.

"अहो, सुईत दोरा ओवत येताय का?"

"तुझ्या पायांना मोटर आहे. माझं मशीन पायाचं!" खालून उत्तर येई.

मग बाई आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. मी दारामागच्या खिळ्यावर लटकले. काका रविवारी मशीनपुढे बसत, पण मशीन चालत नसे. दीड वर्ष माझ्यावर धूळ साचत राहिली.

एका रविवारी काकांनी अचानक मला गळ्यात अडकवले. बाईंचा जोडशिखरांचा डोंगर बघायचा राहून गेला होता. शेजारीण म्हणाली, "एकटेच कुठे निघालात?"

"हे काय, इथेच."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. इथेच म्हणजे कुठे?

पहिल्याच फाट्यावर काका अडले. इतकी वर्षे ते आवाजामागे चालले होते. पायाखालची वाट नीट बघून लक्षात ठेवायची असते, हे त्यांना कधी सुचलेच नव्हते. ते डावीकडे गेले, परत फिरले, पुन्हा वळले. तेवढ्यात धुके उतरले. त्यांच्या पायाने एक दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

त्यांनी मला तोंडाला लावले. फुस्स! गोळी चिकटली होती. पुन्हा फुंकले. पुन्हा नुसती हवा. मला काहीच करता येत नव्हते.

शेवटी काका खाली बसले. बाटलीतल्या पाण्याने त्यांनी मला धुतले आणि तळहातावर आपटले, अगदी बाईंसारखे. तिसऱ्यांदा गोळी हलली. मी जीव तोडून वाजले.

"ओ!"

आवाज कुणा बाईचा होता. काका ताडकन उठले आणि त्या दिशेने धावत सुटले.

"अहो, थांबा! पाऊल उचलू नका, पुढे कडा आहे!"

काका जागीच खिळले. बऱ्याच वेळाने धुक्यातून शेळ्या राखणारी एक म्हातारी आली आणि तिने त्यांचे मनगट घट्ट धरले.

"शिट्टी वाजवायची आणि पळायचं? वाजवणाऱ्यानं जागा सोडली, तर शोधणाऱ्यानं काय धुक्याला विचारायचं?"

काकांनी डोळे पुसले. "आमची ही थांबायची," ते म्हणाले. "दर वेळी."

"मग आता तुम्ही शिका," म्हातारी म्हणाली आणि त्यांना बसपर्यंत सोडून आली.

काका अजूनही डोंगरांत जातात. शनिवारी मला धुतात. कोणत्या डोंगरावर, कोणत्या बसने, हे शेजारणीला सांगून निघतात. फाट्यावर मागे वळून आलेली वाट नीट बघून घेतात.

मित्रांनो, घराजवळचा डोंगरही अनोळखी असतो. 'इथेच' म्हणून घराबाहेर पडू नका. खिळ्यावरच्या जुन्या वस्तूची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि कधी पुढे चालत असाल, तर मागच्याची ओ येईपर्यंत थांबा. काका आजही प्रत्येक वळणावर मला वाजवतात आणि तेवढा वेळ थांबतात. मागे कोणी नाही, हे ठाऊक असूनही.