सदर प्रवासी वेळेवर हजर

"मावशी, इथं पब्लिकला अलाउड नाही," वॉचमन तिसऱ्यांदा म्हणाला. "कम्प्लेंट फोनवर करायची."

"सहा वेळा केली," नीलाबाई म्हणाल्या. "आता मीच आलेय. वर क्षिप्राला सांगा, कल्याणच्या ओव्हाळबाई आल्यात." आणि पर्स मांडीवर घेऊन त्या समोरच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर बसल्या.

घोडबंदर रोडवरच्या त्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, एका विमान कंपनीच्या तक्रारींचे फोन घेतले जात. पाचव्या फोनला क्षिप्रा बोलता बोलता म्हणून गेली होती, "काय सांगू काकू, माजिवड्याला असलं ट्रॅफिक, मी पण आज लेट आलेले." नीलाबाईंनी तेवढंच धरून ठेवलं आणि सहाव्या फोनला इमारतीचं नाव काढून घेतलं.

नीलाबाई चार महिन्यांपूर्वी महापालिकेतून निवृत्त झाल्या. तेहतीस वर्षं आवक-जावक विभागात. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, माणसाच्या हातात पोच द्यायची. एवढ्या वर्षांत हजेरीला एकही लेट मार्क नाही. निरोप समारंभात साहेबांना बोलायला दुसरं काही सापडेना, तेव्हा ते दहा मिनिटं त्यावरच बोलले.

आणि नेमका याच बाईवर उशिराचा ठपका आला होता.

झालं असं. मुलगी मृणाल नागपूरला पीएच.डी. झाली. ओव्हाळांच्या घरातली पहिली डॉक्टर. पदवीदान सकाळी दहाला. नवऱ्याच्या, दगडूभाऊंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून नीलाबाई एकट्याच आदल्या संध्याकाळच्या विमानाने निघाल्या. जन्मातलं पहिलं विमान. सहाचं उड्डाण, तर या अडीचलाच विमानतळावर. बोर्डिंग पास मिळाला, पण त्यावर सीटचा नंबर नव्हता. "गेटवर देतील," काउंटरवरची मुलगी म्हणाली. गेटवर एकेक करून सगळे आत गेले आणि नीलाबाई तेवढ्या बाहेर राहिल्या. कंपनीने होत्या त्यापेक्षा जास्त सीटा विकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने त्या नागपूरला पोचल्या, तेव्हा सभागृहातली माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. मृणाल गाऊन परत करून दारात उभी होती.

तोवर इकडे दगडूभाऊंनी फोनवरून सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "चुकलं विमान तिचं. उशिरा गेली असणार, दुसरं काय!" नीलाबाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. पण तिकीट काढलं म्हणजे जागा असणारच, या मतावरून कुणी हलेना. नणंद माया तर एका हळदीत सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, लग्न सहाला आहे हं. तुम्हाला आपलं चारच सांगून ठेवते!" बायका हसल्या. नीलाबाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसल्या.

लिफ्ट उघडली. गळ्यात हेडफोन अडकवलेली एक सडपातळ पोरगी धावतच आली. मागोमाग आणखी चौघं.

"ओव्हाळ काकू? तुम्ही खरंच आलात?"

"क्षिप्रा ना? आवाजावरून मला तू जाड वाटलेलीस."

पोरं खो खो हसली. "काकू, रोज शंभर पॅसेंजरांशी बोलतो आम्ही," क्षिप्रा म्हणाली, "पण डोळ्यांनी बघितलेल्या तुम्ही पहिल्याच!"

पोरांनी त्यांना वर नेलं. तिथे त्यांचा साहेब धनेश, बाळकुमचा तिशीतला तरुण, जरा अवघडूनच उठला. "काकू, सिस्टिममध्ये तर दिसतंय, पॅसेंजर गेटवर आलाच नाही."

नीलाबाईंनी पर्समधून पास काढला. मागच्या बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं: ५.१० वाजता गेटवर हजर, सीट उपलब्ध नाही. खाली सही.

"हे कोणी लिहिलं?"

"तुमच्या गेटवरच्या मुलीने. पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही."

धनेशने पास उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "काकू, पुढच्या प्रवासाचं कूपन देतो. आत्ताच्या आत्ता."

"कूपन नको. मी सही दिल्याशिवाय ते देता येत नाही, नियमात आहे. मूळ भाड्याच्या दुप्पट, बँकेत." त्यांनी अर्ज दोन प्रतींत पुढे केला. "आणि यावर शिक्का."

धनेश मोठ्याने हसला. "काकू, आमच्याकडे जॉब करता का?"

पाऊण तासात कुठे कुठे फोन झाले. आठ हजार दोनशे मंजूर झाले. पोरांनी चहा आणि समोसे मागवले, नीलाबाईंचा फोटो काढला.

"पैशांचं झालं," नीलाबाई म्हणाल्या. "आता पत्र. मराठीत."

"मराठीत फॉर्मॅटच नाही, काकू," क्षिप्रा म्हणाली.

"मी सांगते. तू टाइप कर. 'प्रमाणित करण्यात येते की, सदर प्रवासी...'"

"सदर म्हणजे?"

"म्हणजे मी!"

आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं खुर्च्या फिरवून ऐकत होती. नीलाबाई उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून, एकेक शब्द सांगत गेल्या. धनेशने सही केली, शिक्का उमटवला. नीलाबाईंनी त्यावर हळूच फुंकर घातली.

घरी आल्यावर त्यांनी पत्र दगडूभाऊंपुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. बाहेर चष्म्याच्या डबीचा आवाज आला. मग फोन लावल्याचा.

"माया? जयभीम. अगं, ऐक. वाचून दाखवतो... 'सदर प्रवासी नीला दगडू ओव्हाळ या नियोजित वेळेपूर्वी हजर होत्या.' होत्या, म्हणे. शिक्का आहे खाली. नाही नाही, चूक माझीच झाली, मीच उगाच बोललो... बरं, ठेव. मला अजून नागपूरला लावायचाय."

मग नागपूर. मग नाशिकचे मोठे दीर. मग शेजारचे अण्णा, जे हाक मारली असती तरी आले असते, त्यांनाही फोनच. दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी 'हजर होत्या'वर आवाज थोडा चढलेला.

पाचव्या फोनला नीलाबाईंनी तव्याखालचा गॅस बारीक केला. भाकरी थापायचा हात थांबवला आणि कान देऊन उभ्या राहिल्या.