यादीत नसलेला भार

शुक्रवारी सहापर्यंत ब्रॅकेट मंजूर करायचं होतं आणि बुधवारी सकाळपासून मला खुर्चीत बसवत नव्हतं. पाणी पिऊन यायचे, स्क्रीनसमोर उभी राहायचे, पुन्हा पाणी प्यायला जायचे.

आमची कंपनी लिफ्ट बनवते. हे ब्रॅकेट लिफ्टच्या छतावर, पुढच्या कडेला बसतं. दार सरकवणारी मोटर त्याच्या आधाराने उभी असते. जुनं ब्रॅकेट म्हणजे पोलादाची जाड, सरळ पट्टी. वजन तीन किलो आठशे ग्रॅम. नवीन मी काढलं नव्हतं, सॉफ्टवेअरने काढलं होतं. आपण त्याला सांगायचं की बोल्ट इथे, मोटर तिथे, एवढी जागा मोकळी सोड, कुठून किती भार येतो त्याची ही यादी, आणि आता कमीत कमी धातूत भागव. ते दोन-तीन तास शेकडो आकार करून पाहतं आणि जिथून भार जात नाही तिथला धातू काढून टाकतं. आमच्या यादीत सात भार होते. त्या सातांपुरता जो आकार उरला त्याचं वजन एक किलो चारशे भरलं.

साहेबांनी त्याचं चित्र आपल्या संगणकावर लावून ठेवलं होतं. मी रविवारी दादाकडे जेवायला गेले तेव्हा फोनवर दाखवलं, तर वहिनी म्हणाली, "अगं, हे कुणी चघळून टाकलंय का?"

अडचण माझ्या टेबलावर होती. सर्व्हिस विभागाने बदलून आणलेली तीन जुनी ब्रॅकेटं मी तपासायला मागवली होती. तिन्हींवर, वरच्या कडेला, उजव्या टोकापासून साधारण वीतभर आत, रंग घासून गेला होता. तळहाताएवढी जागा, चकचकीत, आणि खाली किंचित दबलेली. मोजलं तर अर्धा मिलिमीटर. यादीतला एकही भार त्या जागी पडत नव्हता. नवीन ब्रॅकेटला तिथे करंगळीएवढी काडी होती.

मेकॅनिक लोकांना मी आधीच एक फॉर्म पाठवला होता. ब्रॅकेटवर पाय ठेवता का, असा सरळ प्रश्न. एकेचाळीस उत्तरं आली. एकेचाळीस वेळा 'नाही'.

त्या एकेचाळिसांत माझा मोठा भाऊही होता. मी त्याला फोन लावला.

"दादा, खरं सांग."

"खरंच लिहिलंय. बंदी आहे पाय ठेवायला. मागच्या वर्षी एकाला त्याच दिवशी घरी बसवलं, विसरलीस?"

"मग रंग कसा जातो?"

"हवेने जात असेल. इंजिनीयर तू आहेस का मी?"

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, अंदाजाने एका माणसाचा भार तिथे घालते.

"मॅडम, प्रत्येक भारासमोर स्रोत लागतो. मोजमाप, मानक, नाहीतर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं नाव. डाग हा स्रोत नाही. अंदाजानेच वजन वाढवायचं तर जुनी पट्टी काय वाईट होती?"

त्यांचं चुकत नव्हतं. स्रोताचा तो रकाना चार वर्षांपूर्वी मीच भांडून घालून घेतला होता.

गुरुवारी मी परवानगी काढून दादाबरोबर कामावर गेले. पहिल्या दोन इमारतींत तो इतका नियमाने वागला की मला हसू येत होतं. घडीची शिडी उघडली, सुरक्षेचा पट्टा बांधला, मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप घातलं, प्रत्येक पायरी मोजल्यासारखी उतरला. बाबा शेजारी बसलेले असले की तो गाडी अशीच चालवायचा.

तिसऱ्या इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत एक बाई होती आणि ती दार बडवत होती. "श्वास घेता येत नाहीये हो!" शिडी खाली गाडीत राहिली होती. दादाने बटण बंद करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, धावत पाचव्या मजल्यावर येऊन दार उघडलं. छत उंबऱ्याच्या दीड मीटर खाली होतं. तो उंबऱ्यावर टेकला आणि एक पाय खाली सोडला. डावा बूट ब्रॅकेटवर, उजवा छतावर. एक सेकंदही लागला नसेल. बूट बरोबर त्याच जागी पडला होता, आणि त्याने खाली पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याने वरून आतलं दार सोडवलं, आणि दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून बाहेर काढलेली बाई जिन्यावर बसून पाणी पीत होती. शेजारच्यांनी तिला घरी नेलं तेव्हा दादाला आठवलं की मी तिथे आहे.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"बहीण म्हणून आलीयेस की कंपनी म्हणून?"

मी त्याला फोनवर नवीन ब्रॅकेट दाखवलं, काडीवर बोट ठेवलं. "तुझा पाय इथे पडतो. तू चौऱ्याऐंशी किलोचा, वर हत्यारांची पेटी, आणि असं वरून उतरताना भार जवळजवळ दुप्पट होतो. मी गणित करून पाहिलंय. ही पहिल्याच वेळी तुटेल."

त्याने छत आणि भिंत यांच्यामधली फट पाहिली. खाली पाच मजले काळोख होता.

"मग नाही ठेवणार आम्ही पाय."

"ठेवशील. आत कुणी ओरडत असलं की ठेवशील."

"मग लिही माझं नाव! आणि तुझ्या वहिनीला तूच जाऊन सांग." तो पाठ करून उभा राहिला. जरा वेळाने म्हणाला, "शिफ्टला आम्ही चौघं आहोत. चौघंही असंच उतरतो. शिडी आणायला अकरा मिनिटं लागतात, बाई."

मी माझ्यासाठी आणलेला पट्टा उचलला.

"दादा, खाली जाऊन शिडी घेऊन ये."

"आता कशाला?" मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी मी गच्चीच्या कठड्यावर चढायचे तेव्हा पाहायचा तसं. "वेडी आहेस का?"

"वीज बंद आहे. किल्ली तुझ्याकडे आहे. माझा पट्टा तू स्वतः बांध."

त्याने पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही!" मग तो जिना उतरून गेला. चांगला हळूहळू गेला.

मी फोन त्याच्या पेटीवर टेकवून चित्रण चालू केलं. ओळखपत्र गळ्यात पुढे घेतलं. उंबऱ्यावर बसून पाय सोडला. पाय अंतराळी लोंबकळला, आणि मग आपोआप त्या चकचकीत जागी जाऊन टेकला. दुसरीकडे कुठे टेकायला जागाच नव्हती.

शुक्रवारी सकाळी यादीत आठवा भार घातला. एका माणसाचं उतरतं पाऊल, वरून खाली. वजन मानकातल्या सर्वांत भारी मेकॅनिकचं, पेटीसकट. स्रोत: प्रत्यक्ष निरीक्षण. पाऊल टाकणारी व्यक्ती: मी, माझा कर्मचारी क्रमांक, सोबत चित्रफीत. मेकॅनिकची स्पष्ट मनाई असताना.

साहेब माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्या वाचलं. "तुम्हाला नियम माहीत होता?"

"हो."

"मग?"

"नियम आहे म्हणूनच कुणी सांगत नाही, सर. आणि कुणी सांगत नाही म्हणून यादीत नव्हतं."

त्यांनी ती नोंद पुन्हा एकदा वाचली. मग विचारलं, "मेकॅनिक कोण होता?"

"जो शिडी आणायला गेला होता तो."

"हं. त्याला तोंडी समज द्यावी लागेल," ते म्हणाले. "तुमचं तेवढ्यावर भागणार नाही." आणि सुरक्षा विभागाला फोन लावायला आत गेले.

सॉफ्टवेअर साडेदहाला सुरू केलं. बारा टक्के. मी उठले, बसले. चाळीस टक्क्यांवर ते इतका वेळ अडकलं की मी तारा ओढून पाहिल्या. पावणेदोनला आकार आले. सगळ्याच आकारांत, उजव्या टोकाजवळ, मनगटाएवढा जाड आधार फुटला होता, सरळ बोल्टपर्यंत गेलेला. त्यांतल्या सर्वांत हलक्याचं वजन दोन किलो पन्नास ग्रॅम. मी संगणकातच त्यावर दोनशे किलो टाकून पाहिले, मग सावकाश तीनशे. टिकला.

पाचच्या सुमाराला सुरक्षा विभागाचं पत्र आलं. सोमवारी चौकशी, आणि तोवर मला कुठल्याही साइटवर पाऊल टाकायची बंदी. दादाचा फोनही येत होता, तिसऱ्यांदा. मी तो वाजू दिला आणि आधी ब्रॅकेट मंजूर केलं.